जीर्णोद्धार कोणाचा? प्राचीन इजिप्तचे राजे आणि पूर्वजांच्या वास्तू

मागच्या व्याख्यानात आपण थीसियसच्या जहाजापाशी थांबलो होतो. एकेक करत सगळ्या फळ्या बदलल्या, तर जहाज तेच राहतं का, हा तो प्रश्न. त्यावर एका श्रोत्याने मला लिहिलं, "सर, हे कोडं तत्त्वज्ञांनी घातलं. पण प्रत्यक्षात फळ्या बदलणाऱ्या माणसाचं म्हणणं काय होतं, ते कुठे लिहून ठेवलंय का?" प्रश्न मला फार आवडला. कारण लिहून ठेवलंय, आणि तेही ग्रीकांच्या कितीतरी आधी, दगडावर. आजचं व्याख्यान त्या प्रश्नाचं उत्तर आहे असं समजा.

कैरोच्या दक्षिणेला सक्कारा नावाची जुनी स्मशानभूमी आहे. तिथे उनास राजाचा पिरॅमिड आहे. पाचव्या राजवंशाचा हा शेवटचा राजा, काळ इ.स.पू. सुमारे २३५०. या पिरॅमिडच्या दक्षिण बाजूवर मोठाल्या चित्रलिपीत एक लेख कोरलेला आहे. त्याचे दगड निखळून तुकडे तुकडे झाले होते. विसाव्या शतकात जाँ-फिलिप लोएर या फ्रेंच वास्तुतज्ज्ञाने ते जुळवून पुन्हा त्यांच्या जागी बसवले. गंमत अशी की हा लेख उनासचा नाही. तो आहे खाएमवासेतचा, म्हणजे रामसेस दुसरा याच्या मुलाचा. हा मेम्फिसला प्ताह देवाचा मुख्य पुजारी होता. त्याच्यात आणि उनासमध्ये अकराशे वर्षांचं अंतर आहे. लेखाचा आशय असा: या पिरॅमिडवर उनासचं नाव सापडत नव्हतं, म्हणून राजपुत्राने ते पुन्हा प्रस्थापित केलं, कारण पूर्वीच्या राजांच्या खचत चाललेल्या वास्तू नीट करणं त्याला मनापासून आवडायचं.

असेच लेख त्याने जोसेर, युसेरकाफ, साहुरे अशा इतर जुन्या राजांच्या वास्तूंवरही कोरून घेतले. म्हणून आज कुठलंही लोकप्रिय पुस्तक उघडा, खाएमवासेतला एक पदवी हमखास दिलेली दिसते: 'जगातला पहिला इजिप्तविद्या-अभ्यासक'. माझा आक्षेप आहे तो या पदवीला. ती वाईट आहे म्हणून नव्हे, ती सोयीची आहे म्हणून. तिच्यामुळे तीन हजार वर्षांपूर्वीचा एक पुजारी आपल्यासारखा दिसायला लागतो, आणि एकदा तो आपल्यासारखा दिसला की त्याने नेमकं काय केलं हे विचारायचं आपण सोडून देतो.

आधी शब्द बघू. तत्त्वज्ञानाच्या माणसाला ती खोड असते, सांभाळून घ्या. आपण म्हणतो 'जीर्णोद्धार'. जे जीर्ण झालं त्याला वर काढणं. आणि आपण म्हणतो 'स्मारक', म्हणजे आठवण करून देणारं. स्मारक बघणाऱ्यासाठी असतं. बघणाराच नसेल तर ते कुणाला आठवण करून देणार? प्राचीन इजिप्तच्या भाषेत वास्तूला, पुतळ्याला, देवळाला मिळून जो शब्द आहे तो 'मेनू'. हॉटेलातला नव्हे. त्याचा धातू आहे 'मेन', अर्थ टिकणं, स्थिर राहणं. म्हणजे मेनू ही आठवण करून देणारी वस्तू नाही. ती टिकून राहणारी वस्तू आहे. कुणी बघो न बघो, तिच्यावर नाव आहे तोवर त्या नावाचा माणूस आहे. तिथे नाव पुसणं हा दुसरा मृत्यू असतो. हे ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं नावाभोवतीच फिरणार आहे.

दुसरी गोष्ट, राजाचं काम काय? इजिप्तच्या विचारात विश्वाची घडी म्हणजे 'मआत'. सत्य, न्याय, सुव्यवस्था हे सगळं त्या एका शब्दात येतं. तिच्या उलट 'इस्फेत', म्हणजे अव्यवस्था, अन्याय. राजाने इस्फेत हटवून मआत तिच्या जागी बसवायची. तेव्हा पडलेलं देऊळ उभं करणं हे वारसा-जतन नव्हतं. ते राज्य करणंच होतं.

आता इथे एक तार्किक अडचण येते. जीर्णोद्धार करायचा तर आधी काहीतरी जीर्ण झालेलं हवं. उद्धारकर्त्याला पडझड लागतेच. ती नसेल तर तिचं वर्णन तरी लागतं.

तुतनखामुनचा शिलालेख घ्या. १९०५ साली कर्नाकच्या देवळात जॉर्ज लग्रँ यांना तो सापडला, आज तो कैरोत आहे. अखेनातेनने आमुन देवाची उपासना मोडून काढली होती, त्यानंतरचा हा काळ. लेख सांगतो की एलिफन्टाइनपासून डेल्टातल्या दलदलीपर्यंत देवळं ओस पडली, गाभाऱ्यांचे ढिगारे झाले, त्यांवर रान माजलं, देवांनी देशाकडे पाठ फिरवली. प्रार्थना केली तरी देव येत नसत. परदेशात सैन्य पाठवलं तरी यश येत नसे. मग राजा गादीवर आला आणि त्याने सगळं सावरलं. राजा तेव्हा आठ-नऊ वर्षांचा पोर, म्हणजे मजकूर कोणत्या मोठ्या माणसांचा असणार ते तुम्ही ओळखलंच असेल.

मला त्यातला एक तपशील विलक्षण वाटतो. आमुनची मूर्ती मिरवणुकीत दांड्यांवर वाहून नेत. लेख म्हणतो, राजाने नवी मूर्ती तेरा दांड्यांवर केली, पूर्वी ती अकरा दांड्यांवर होती. प्ताहची केली अकरा दांड्यांवर, पूर्वी ती सात दांड्यांवर होती. बघा हं. हे आधी होतं तसं करणं नव्हे. हे वाढवणं आहे, आणि वाढवलं हे अभिमानाने मोजून सांगणं आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेने आजच्या जतनकर्त्यांना जो नियम घालून दिला, की जिथे अंदाज सुरू होतो तिथे हात थांबवा आणि नवं काम जुन्यापासून वेगळं ओळखू येऊ द्या, त्याच्या हे बरोबर उलट. इजिप्शियन माणसाला मूळ जसंच्या तसं नको होतं. त्याला मूळ आणखी भरभक्कम हवं होतं.

आणि या शिलालेखाचं पुढे काय झालं? त्यावरचं तुतनखामुनचं नाव घासून तिथे होरेमहेबने आपलं नाव घातलं. म्हणजे जीर्णोद्धाराचं श्रेयसुद्धा हस्तांतरित झालं. पुढे सेती पहिला आला. त्याने ठिकठिकाणी आमुनच्या दुरुस्त केलेल्या प्रतिमांशेजारी 'सेती राजाने या वास्तूचं नूतनीकरण केलं' अशा अर्थाच्या ओळी कोरल्या. त्यांपैकी काही ठिकाणची दुरुस्ती आधीच तुतनखामुनच्या काळात झालेली होती. आपल्याकडे म्हण आहे ना, आयत्या बिळावर नागोबा.

हातशेप्सुतचं उदाहरणही असंच. मध्य इजिप्तमध्ये डोंगर खोदून केलेलं एक देऊळ आहे, ग्रीकांनी त्याला स्पेओस आर्तेमिदोस म्हटलं. त्यावर ती सांगते की आवारिसला आशियाई लोक, म्हणजे हिक्सोस, राज्य करत होते तेव्हापासून जे मोडलं होतं ते मी उभं केलं. क्यूसीच्या देवीचं देऊळ जमिनीने गिळलं होतं, त्याच्या छपरावर पोरं नाचत होती. चित्र किती जिवंत आहे! पण हिक्सोसांना अहमोसने घालवून निदान अर्धशतक लोटलं होतं. अहमोस धरून मधे चार राजे झाले. त्यांच्यापैकी कुणाला ती पोरं दिसली नाहीत का? हातशेप्सुत खोटं बोलते असं मी म्हणत नाही. देऊळ खरंच पडलेलं असेल. मी एवढंच म्हणतो की पडझड कधी सुरू झाली आणि कधी संपली, हे ठरवण्याचा अधिकार उद्धारकर्ता स्वतःकडे घेतो. पूर्वजाची वास्तू तो दुरुस्त करतो आणि मधल्यांना निकम्मे ठरवतो. आणि मग काव्यगत न्याय म्हणा हवं तर, हातशेप्सुतचं स्वतःचं नाव तिच्या मृत्यूनंतर ठिकठिकाणी खोडलं गेलं, आणि याच देवळावर पुढे सेतीने आपलं नाव घातलं.

थुटमोस चौथ्याने तर सरळ सौदाच कोरून ठेवलाय. गीझाच्या स्फिंक्सच्या दोन पंजांमध्ये त्याचा शिलालेख उभा आहे. राजपुत्र असताना तो दुपारी तिथल्या सावलीत झोपला. स्फिंक्स स्वप्नात आला आणि म्हणाला, माझ्या अंगावरची वाळू काढ, मी तुला राज्य देतो. वाळू निघाली, राज्य मिळालं. आता हा शिलालेख ज्या ग्रॅनाइटच्या शिळेवर कोरलाय, ती अभ्यासकांच्या मते खाफ्रेच्या देवळाच्या दाराची जुनी तुळई आहे. स्फिंक्स खाफ्रेचा, देऊळ खाफ्रेचं. म्हणजे एका वास्तूची सेवा केली हे जाहीर करायला त्याच राजाच्या दुसऱ्या वास्तूचा दगड काढला.

इथून आपण हिशेबाच्या वहीच्या दुसऱ्या पानावर येतो.

बाराव्या राजवंशाच्या पहिल्या अमेनेमहातने लिश्तला पिरॅमिड बांधला. त्याच्या पोटात खुफू, खाफ्रे, उनास यांच्या वास्तूंतले कोरीव दगड निघाले. आमेनहोतेप तिसऱ्याने कर्नाकला तिसरं महाद्वार बांधलं, त्याच्या भरावात सेनुस्रेत पहिल्याचं एक अख्खं चिमुकलं मंदिर सुटं करून टाकलेलं होतं. होरेमहेबच्या महाद्वारांच्या पोटात अखेनातेनच्या देवळांचे हजारो दगड. आणि खुद्द आमेनहोतेप तिसऱ्याची एक भव्य शिळा मेर्नेप्ताहने उलटी फिरवली आणि मागच्या बाजूला आपला विजय कोरला. १८९६ मध्ये ती फ्लिंडर्स पीट्रींना सापडली. तिच्यावर 'इस्रायल' हे नाव येतं म्हणून ती जगप्रसिद्ध आहे. पाठीमागच्या आमेनहोतेपला कुणी विचारत नाही.

आता म्हणाल, त्या काळी तसंच चालायचं, त्यांना त्यात चूक वाटत नसेल. नाही. त्यांना ठाऊक होतं. मेरिकारे नावाच्या राजाला त्याच्या वडिलांनी केलेला उपदेश म्हणून एक ग्रंथ आपल्यापर्यंत पोचलाय. त्यात बाप मुलाला स्पष्ट बजावतो की दुसऱ्याच्या वास्तूची नासधूस करू नकोस, दगड हवा तर तुराच्या खाणीतून काढ, पाडलेल्यातून आपली कबर उभारू नकोस. हा उपदेश अठराव्या राजवंशातही नकलून घेतला जात होता, म्हणजे ज्या काळात कर्नाकची भरावाची महाद्वारं उभी राहत होती त्याच काळात. तेव्हा आपल्या आजच्या फूटपट्टीने त्यांना मोजू नका, हा बचाव इथे लागू पडत नाही. फूटपट्टी त्यांचीच आहे.

एक बचाव मात्र गंभीर आहे आणि तो मला टाळायचा नाही. तो असा. इजिप्तमध्ये राजा ही व्यक्ती नव्हती, ते पद होतं. देह बदलतो, राजत्व एकच. सेनुस्रेतच्या पुतळ्यावर रामसेसने आपलं नाव घातलं तर चोरी कसली? एकाच राजत्वाने आपलं नवं नाव धारण केलं, इतकंच. थीसियसच्या जहाजाचं हे फार देखणं उत्तर आहे: फळी बदलली, जहाज तेच.

मी बरीच वर्षं हे उत्तर वर्गात शिकवलं. आज मला ते अपुरं वाटतं, दोन कारणांनी. पहिलं, राजत्व एकच असेल तर आपलं नाव पुसलं जाईल याची भीती कशाला? रामसेस दुसऱ्याने आपली नावं इतकी खोल कोरली की पुढच्याला ती सहजी घासता येऊ नयेत. पदाला एवढी धास्ती नसते, माणसाला असते. दुसरं कारण अबिडॉसच्या देवळात आहे. सेती पहिल्याने तिथे पूर्वज राजांची यादी कोरली. शहात्तर नावं, मेनेसपासून स्वतःपर्यंत. सेती आणि बाल रामसेस त्यांच्यापुढे उभे आहेत. किती नम्र, किती कृतज्ञ चित्र! आता त्या यादीत हातशेप्सुत शोधा. नाही. अखेनातेन? नाही. तुतनखामुन, ज्याने आमुनचं देऊळ सावरलं, तोही नाही. म्हणजे राजत्व अखंड आहे म्हणणाऱ्यांनीच त्यातून माणसं वेचून काढली होती. कोण पूर्वज आणि कोण नाही, हे वंशज ठरवत होता. जीर्णोद्धार म्हणजे निवड. ही निवड दिसू नये म्हणूनच तो परतफेडीचा आव आणतो.

मग खाएमवासेतकडे परत येऊ. त्याच्याच वडिलांच्या काळात लाहूनला सेनुस्रेत दुसऱ्याच्या पिरॅमिडचे दगड उचलले जात होते. बाप एकीकडे जुने दगड वापरतोय, मुलगा दुसरीकडे जुन्या दगडांवर लेख कोरतोय. काही अभ्यासकांनी तर अशी शंका मांडलीय की हे लेख दगड नेल्याबद्दलची भरपाई असावेत. तेवढं पुढे जायला माझ्याकडे पुरावा नाही. पण 'पहिला इजिप्तविद्या-अभ्यासक' ही पदवी या शंकेला दार उघडत नाही, म्हणून ती मला नको.

तरीही, आणि हे तितकंच ठासून सांगतो, खाएमवासेत इतरांच्या रांगेतला नाही. त्याने उनासच्या पिरॅमिडवर उनासचं नाव कोरलं. वडिलांचं घातलं, स्वतःचंही घातलं, पण उनासचं घालवलं नाही. गीझाला त्याला खुफूचा मुलगा कावाब याची मोडकी मूर्ती सापडली. ती त्याने मेम्फिसला आणून ठेवली आणि ती कावाबची आहे हे तिच्यावर लिहिलं. माझा निकष एवढाच आहे. तुम्ही वाढवलंत की नाही, सजवलंत की नाही, हे नंतर बघू. आधी सांगा, ज्याचं होतं त्याचं नाव राहिलं का? आणि तुमचा हात कुठे लागला ते दिसतं का?

इथे मला स्वतःविषयी थोडं बोलायचंय. आज हा विषय का घेतला, त्याचं खरं कारण हे आहे.

ब्रिटिश म्युझियममध्ये एक काळा दगड आहे, शाबाका राजाचा. पंचविसावा राजवंश, इ.स.पू. सुमारे ७००. त्यावर म्हटलंय की राजाला प्ताहच्या देवळात पूर्वजांचं किड्यांनी खाल्लेलं लिखाण सापडलं, ते आदिपासून अंतापर्यंत लागत नव्हतं, म्हणून त्याने ते दगडावर नव्याने उतरवलं, आणि ते आता पूर्वीपेक्षा चांगलं झालं. मजकूर थोर आहे. देव हृदयाने विचार करतो, जिभेने उच्चारतो, आणि जग होतं. विद्वानांनी बरीच वर्षं तो अतिप्राचीन मानला. आता बहुतेकांचं मत आहे की रचना पुष्कळ नंतरची आहे. म्हणजे त्या किड्यांनी नेमकं काय खाल्लं होतं, आणि राजाच्या लेखनिकांनी काय भरलं, कोण सांगणार? पुढे कुणीतरी त्या दगडाचं जातं केलं. मधे भोक, भोवती खाचा. पूर्वीपेक्षा चांगला झालेला मजकूर निम्माअर्धा पिठात गेला.

माझे गुरू वारले तेव्हा त्यांच्या टिपणांच्या वह्या माझ्याकडे आल्या. कसर लागलेल्या. पानांच्या कडा गेलेल्या, वाक्यं अर्धी. मी त्यांचं पुस्तक केलं. श्रद्धेने केलं, यात शंका नको. जिथे वाक्य तुटलं होतं तिथे ते पूर्ण केलं, कारण सर काय म्हणणार होते ते मला ठाऊक होतं. ठाऊक आहे असं मला वाटत होतं. कुठे कंस टाकला नाही, तळटीप दिली नाही. वाचकाला अडखळायला होऊ नये म्हणून. काही वर्षांनी एका परिसंवादात एका तरुण प्राध्यापिकेने त्यातलं एक वाक्य वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, सरांची सगळी दृष्टी या एका वाक्यात आहे. वाक्य माझं होतं. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. टाळ्या वाजवल्या.

मी होरेमहेबच्या उलट केलं होतं. त्याने दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव घातलं, मी माझ्या कामावर दुसऱ्याचं घातलं. लोक याला गुरुभक्ती म्हणतील. पण परिणाम तोच: सर कुठे संपतात आणि मी कुठे सुरू होतो, हे आता कुणालाच कळणार नाही. मला धरून, कारण मूळ वह्यांतली काही पानं आता उलगडतसुद्धा नाहीत.

शेवटी एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. खाएमवासेत मेल्यावर सुमारे हजार वर्षांनी, टॉलेमींच्या काळात, इजिप्तमध्ये त्याची एक कथा लिहिली गेली. तिच्यात त्याचं नाव सेत्ने. जुन्या थडग्यांतून, जुन्या लेखांतून हिंडणारा हा विद्वान एका प्राचीन राजपुत्राच्या थडग्यात शिरतो आणि तिथलं थोथ देवाचं ग्रंथ-पुस्तक उचलून आणतो. मग त्याची अशी काही त्रेधा उडते की विचारू नका. अखेर हातात काठी, डोक्यावर निखाऱ्यांची शेगडी अशा अवस्थेत जाऊन त्याला ते पुस्तक परत ठेवावं लागतं. आणि एवढ्यावर सुटका नाही. त्या राजपुत्राची बायको आणि मूल दूर कॉप्टोसला पुरलेले होते. त्यांना शोधून आणून त्याच्या शेजारी ठेवण्याचं काम त्याला करावं लागतं.

बघा, लोकांनी त्याला पदवी दिली नाही. त्याचं वेड ओळखलं, आणि त्या वेडाचं प्रायश्चित्तही सांगितलं. घेतलेलं परत ठेव. ज्यांची ताटातूट झाली त्यांना एकत्र आण. मला वाटतं, जीर्णोद्धाराची यापेक्षा चांगली व्याख्या राजांच्या एकाही शिलालेखात नाही.

सरांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघतेय. जी वाक्यं माझी आहेत असं मला खात्रीने आठवतं, ती या खेपेला चौकटी कंसात असतील. छत्तीस भरली. पुस्तक वाचताना आता अडखळायला होईल. होऊ दे.

पुढच्या व्याख्यानात आपण उलट बाजू घेऊ: मुद्दाम न सावरलेली, तशीच पडू दिलेली वास्तू, आणि तिचं काय करायचं हा प्रश्न.